पॉइंट भरले, पेज राहिली : फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आणि स्पीच थेरपिस्ट शिकून बाहेर पडल्यावर शिकतात कुठे?

अबोली_फोंडा (धागाकर्ती)
रविवार, रात्री ९.५०

फोंड्यात स्पीच थेरपीची प्रॅक्टिस सुरू करून अकरा वर्षं झाली. गावात मला 'उलोवपाक शिकयता ती बाय' (बोलायला शिकवते ती बाई) म्हणतात. गिळायलाही शिकवते, हे अजून फारसं कुणाला ठाऊक नाही.

दोन महिन्यांपूर्वी गिळण्याच्या त्रासावरची दोन दिवसांची कार्यशाळा करून आले. मडगावहून रात्रभर कोकण कन्या, मग एसी हॉलमध्ये दोन दिवस स्लाइडी, परत रात्रभर गाडी. नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे पॉइंट मिळाले, सर्टिफिकेट मिळालं, पिशवी मिळाली. पिशवी चांगली आहे, भाजी आणायला वापरते.

पुढच्याच आठवड्यात प्रियोळचे एक आजोबा आले. अर्धांगाचा झटका येऊन तीन आठवडे झाले होते, पाणी पिताना ठसका लागायचा. मी ताजी ताजी शिकून आलेली. ऐटीत सांगितलं, पातळ काही देऊ नका, दाट द्या. सून म्हणाली, "म्हणून तर पेजच देतो हो बाई, दुसरं काही नाही."

मी गप्प. पेज पातळ की दाट? वाडग्यात वर निवळ असते ती पाण्यासारखी, खाली शितं. म्हणजे एकाच घोटात पातळ आणि चावायचं, दोन्ही. ज्याचं गिळणं मंदावलंय त्याला हेच मिश्रण सगळ्यात अवघड जातं: शितं तोंडात घोळवेपर्यंत निवळ घशात उतरून गेलेली असते. हे तत्त्व मला येत होतं, कार्यशाळेतही सांगितलं होतं. पण स्लाइडीवर होतं कस्टर्ड, पुडिंग, मध आणि कुस्करलेला बटाटा. उकड्या तांदळाची दहा वाजताची पेज त्यात कुठे बसते, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. गोव्यात झटका आलेल्या माणसाला घरचे पहिल्यांदा देतात काय, तर पेज!

तर प्रश्न असा. फिजिओ, ओटी, स्पीच, तिघांनाही विचारते. शेवटचं असं काय शिकलात, जे पुढच्या सोमवारी पेशंटसमोर उपयोगी पडलं? आणि ते कुठे शिकलात?


म्हापशेकार_फिजिओ
रविवार, रात्री १०.३५

अबोलीताई, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. प्रामाणिक यादी देतो. दहा वर्षांत मी केलेले कोर्स: टेपिंग, ड्राय नीडलिंग, कपिंग, मॅन्युअल थेरपीचे तीन 'लेव्हल' (चौथ्याला पैसे नव्हते), आणि एक स्पोर्ट्सचा. सगळे शनिवार-रविवारचे. भिंतीवर फ्रेमा लागल्यात, नावामागे अक्षरं लागलीत. पेशंट फ्रेमा बघतो हे खरं आहे. समोरच्या गल्लीतल्या क्लिनिकमध्ये सात फ्रेमा असतील तर माझ्याकडे पाच असून चालत नाही. क्लिनिकचं भाडं असतं महाराजा.

पण सोमवारी उपयोगी पडलेलं विचाराल तर एकच, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये नव्हतं. झटका आलेल्या पेशंटला जितक्या लवकर उभं कराल तितकं बरं, असं मी कॉलेजात शिकलो होतो. पहिल्या दिवसापासून उठवाबसवी. मग एका मित्राने ॲव्हर्ट नावाच्या चाचणीचा पेपर पाठवला. २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेला, २,१०४ पेशंट. २४ तासांच्या आत सुरुवात करून जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची अवस्था नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा थोडी वाईटच निघाली. म्हणजे लवकर उठवू नका असं नाही. त्या पहिल्या दिवसात जोर लावू नका, थोडं थोडं करा. पेपर वाचायला चाळीस मिनिटं लागली, खर्च शून्य. पॉइंटही शून्य.

अवांतर: तुम्हा स्पीचवाल्यांना निदान पॉइंटांची सक्ती तरी आहे. आम्ही मोकाट.


नियमावली
सोमवार, सकाळी ७.१५

'मोकाट' हा शब्द वाचून राहवलं नाही. दोन कायदे आहेत, लोक ते एकत्र कालवतात.

वाचा आणि श्रवण तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे येतात, १९९२ चा कायदा. तिथल्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही, आणि नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते. तेव्हा सीआरई म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. फिजिओ आणि ओटी त्यात नाहीत. त्यांच्यासाठी २०२१ साली संसदेने ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा वेगळा कायदा केला, त्यात राष्ट्रीय आयोग आणि प्रत्येक राज्यात परिषद अशी रचना आहे. महाराष्ट्रात ओटी-पीटी कौन्सिलचा कायदा त्याच्याही आधी झाला होता.

एकाच पेशंटच्या खाटेभोवती उभे राहणारे तिघे दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. एकत्र शिकत का नाहीत, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.


अबोली_फोंडा
सोमवार, दुपारी १.२०

@नियमावली, धन्यवाद. उरलेलं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे: एकमेकांचा फोन नंबरही नसतो. प्रियोळच्या आजोबांकडे फिजिओ येतो हे मला तिसऱ्या भेटीत कळलं, तेही त्याची चप्पल दारात दिसली म्हणून.


डिचोलीची_आई
सोमवार, रात्री ११.०५

मी थेरपिस्ट नाही. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, उजवी बाजू कमजोर. आता नऊ वर्षांचा आहे. तुमच्या धाग्यात घुसतेय, माफ करा, पण तुमच्या कार्यशाळांचं दुसरं टोक मी पाहिलंय.

थेरपिस्ट कुठूनतरी शिकून परत आल्या की आम्हाला लगेच कळतं. मुलगा घरी येतो तो अंगावर नव्या रंगाच्या पट्ट्या घेऊन. एकदा निळ्या. मग ब्रशने अंग घासायचं. मग एक वजनदार जाकीट. तीन महिने एक, मग ते बंद, कारण नवीन आलं. जुनं का थांबवलं, त्याने काय झालं, कुणी सांगत नाही. मला वाटायचं मीच घरी नीट करत नाही. नवरा म्हणायचा, त्यांचं शिक्षण चाललंय आपल्या पोरावर.

मग दोन वर्षांपूर्वी एक नवीन ओटी मिळाली, वयाने लहान. पहिल्या दिवशी तिने मुलालाच विचारलं, तुला काय करायचंय? तो म्हणाला, चवथीला घुमट वाजवायचंय. आमच्या घरी आरतीला सगळे चुलतभाऊ वाजवतात, हा टाळ घेऊन बसायचा, तोही डाव्या हाताने मांडीवर आपटून.

घुमट तुम्ही बघितलंच असेल. मातीचं मडकं, मोठ्या तोंडाला कातडं, मागचं लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर थाप मारायची, दुसऱ्या हाताने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, मग 'घूं' असा आवाज वळतो. दोन्ही हातांना वेगवेगळं काम. ती म्हणाली, मला याहून चांगलं उपकरण कॅटलॉगात मिळणार नाही. आधी हलकं प्लास्टिकचं भांडं, उजव्या हाताने नुसतं धरून ठेवायचं. मग फुगा ताणून बसवलेलं भांडं. मग खरं, पण गळ्यात पट्टा अडकवून. घरी रोज वीस मिनिटं, वहीत खूण करायची. त्या वर्षी चवथीला त्याने एक आरती वाजवली. ताल चुकला, तो वेगळा विषय, आजोबा अजून सांगतात.

मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस. म्हणाली, घुमट कुठेच नाही शिकले. पण मुलाला जे करायचंय तेच करून घ्यायचं, हे वाचलंय.


म्हापशेकार_फिजिओ
सोमवार, रात्री ११.४०

ताई, निळ्या पट्ट्यांचा आरोप मान्य. लाल पट्ट्याही आहेत माझ्याकडे.

त्या ओटीने काय वाचलं असेल याचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक यांनी २०१३ साली सेरेब्रल पाल्सीच्या सगळ्या उपचारांचे पुरावे गोळा करून त्यांना सिग्नलचे रंग दिले. हिरवा म्हणजे करा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. ध्येय ठरवून केलेला सराव, दोन्ही हातांची कामं, घरी करायचा नेमका कार्यक्रम हे हिरव्यात. आणि आमच्या पिढीने भरपूर पैसे भरून शिकलेलं न्यूरोडेव्हलपमेंटल तंत्र त्याच्या मूळ रूपात लालमध्ये. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा फ्रेमेकडे बघून पोटात कालवलं होतं.


स्विंडनकार
मंगळवार, पहाटे ३.१० (इथे रात्र आहे)

मूळचा कुंकळ्ळीचा, आता इंग्लंडात स्विंडनला ओटी. इथे गोंयकार इतके की वॉर्डात दर आठवड्याला कोकणीत बोलायला कुणीतरी मिळतंच.

इथली पद्धत सांगतो, तुलनेपुरती. फिजिओ, ओटी, स्पीच तिघंही एकाच नियामकाकडे, एचसीपीसी. दर दोन वर्षांनी नूतनीकरण. आणि ऐका: पॉइंट नाहीत, तासही नाहीत. तुम्ही काय शिकलात त्याची नोंदवही सतत ठेवायची, त्यात वेगवेगळ्या प्रकारचं शिक्षण असलं पाहिजे, आणि त्यातून तुमच्या कामात आणि पेशंटच्या बाबतीत काय बदललं ते दाखवता आलं पाहिजे. नूतनीकरणाच्या वेळी २.५ टक्के लोकांना चिठ्ठी निघाल्यासारखं बोलावणं येतं: द्या लिहून.

गेल्या खेपेला माझी चिठ्ठी निघाली. आपण गोव्यात परीक्षेला फाइल सजवायचो तशी मी प्रमाणपत्रांची गठडी काढली. माझी वरिष्ठ म्हणाली, हे सगळं ठीक, पण यातल्या कशामुळे कुठल्या पेशंटचं काय बदललं ते सांग. मी दीड तास बसलो आणि मला तीनच गोष्टी सापडल्या. त्यातली एक तर जेवणाच्या सुट्टीत एका स्पीच थेरपिस्टने सांगितलेली होती: जेवताना पेशंटला नुसतं टेकवू नकोस, पाय जमिनीला टेकव. पायांखाली लाकडी फळी ठेवली, झालं. ती नोंद चालली, परिषदेच्या तीन दिवसांपेक्षा चांगली चालली.

इथे सगळं सोन्याचं आहे असं नाही. पुष्कळ लोक चिठ्ठी निघाल्यावरच वही 'आठवून' लिहितात. अमेरिकेत उलट, तिथे मोजणी. आशा या संघटनेचं स्पीच थेरपीचं प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत ३० तास, ओटींना त्यांच्या मंडळासाठी तीन वर्षांत ३६ युनिट, फिजिओंचं राज्याराज्यागणिक वेगळं. माझी न्यू जर्सीची मावसबहीण ताटं विसळताना वेबिनार लावून ठेवते. तास भरतात, ताटंही होतात.


शंकासूर
मंगळवार, सकाळी १०.००

सगळे भावुक होताय म्हणून थोडं पाणी ओततो. कार्यशाळा वाईट, आपसात गप्पा चांगल्या, असा सूर लागलाय. चार थेरपिस्ट चहाला बसले की काय होतं माहीत आहे? सगळ्यात जुना बोलतो, बाकीचे मान हलवतात. तीस वर्षांची चूक नव्या माणसाला प्रेमाने दिली जाते. लहान मुलांचे उच्चार सुधारायला शिट्ट्या फुंका, फुगे फुगवा, जिभेचे व्यायाम करा, हे असंच पसरलं ना? फुंकण्याने बोलणं सुधारतं याला धड पुरावा नाही, तरी प्रत्येक क्लिनिकच्या खणात शिट्ट्या आहेतच. अबोलीताई, खरं सांगा.


अबोली_फोंडा
मंगळवार, सकाळी १०.२५

खणात चार आहेत. एक पोपटाच्या आकाराची.


स्विंडनकार
मंगळवार, दुपारी ४.३०

शंकासुराचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. यावर अभ्यास झालेला आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बैठका आणि कार्यशाळांचा परिणाम तपासणारा कॉक्रेनचा आढावा २००९ साली आला होता, ८१ चाचण्यांचा. निष्कर्ष: कामाच्या पद्धतीत सुधारणा होते, पण लहान, मधला आकडा ६ टक्क्यांच्या आसपास. गंमत पुढे आहे. नुसतं व्याख्यान किंवा नुसती चर्चा, यांपेक्षा दोन्ही मिसळलेल्या बैठकांनी जास्त फरक पडला. नुसती चर्चा तर सगळ्यात मागे. आणि बदलायची सवय जितकी गुंतागुंतीची तितका फरक कमी.

म्हणजे चहा हवा, पण टेबलावर एक छापील कागदही हवा. पेड्रो हा फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा साठा सिडनीहून १९९९ पासून फुकट चालतो, प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण दिलेले असतात. स्पीचसाठी तसाच स्पीचबाइट. फोनवर उघडतात. एक पेशंट, एक पेपर, तीन व्यवसायांची माणसं, दीड तास. याहून जास्त काही लागत नाही. लागतात ती माणसं.


केईएम_७९
मंगळवार, रात्री ८.१५

मुलांनो, मी निवृत्त ओटी. मुंबईला केईएममध्ये शिकले, १९७९ ला बाहेर पडले. ज्या शाळेत शिकले ती आशियातली ओटीची पहिली शाळा, १९५० सालची. काढणाऱ्या कमलाबाई निंबकर. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी, लग्न करून निंबकरांच्या झाल्या आणि इथल्याच झाल्या. मी गेले तेव्हा त्यांचा काळ सरला होता, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बाई आम्हाला शिकवत, आणि त्यांचा एक हट्ट होता: पेशंटच्या घरातली वस्तू आणा. दवाखान्यातल्या ठोकळ्यांवर भरवसा ठेवू नका.

लग्न होऊन गोव्यात आले. इथे तेव्हा पुढचं शिक्षण वगैरे शब्दच नव्हता. मला शिकवलं ते आदोळीने, म्हणजे नारळ खवायच्या विळीने.

खुब्याचं हाड मोडून सांधा बदललेल्या बायका यायच्या. मी पुस्तकाप्रमाणे सांगायचे: खुबा ९० अंशांच्या पुढे वाकवू नका, पाय पायावर टाकू नका, जमिनीवर बसू नका. त्या हो हो म्हणायच्या. सहा आठवड्यांनी घरी गेले की बाई खाली आदोळीवर बसून नारळ खवतायत, एक पाय दुमडून पाटाखाली. "नारळ कोण किसणार मग? हुमण (माशांची आमटी) तसंच ठेवू?" दोन वर्षं मी त्यांना हट्टी म्हटलं. मग एकदा एकीला म्हटलं, आदोळीच घेऊन या. रिक्षातून आणली, पदरात गुंडाळून, पातं बाहेर! बांबूच्या बाकाला सुताराकडून खाचा मारून घेतल्या, त्यावर आदोळी घट्ट बसवली, बाजूला उंच खुर्ची. बसून बघितलं, नारळ खवून बघितला, पातं हलत नाही ना ते बघितलं. मग घरातल्या सोप्यावर, म्हणजे व्हरांड्यातल्या बांधीव बाकावर, नेलं. आपल्या जुन्या घरांच्या बलकांवातला सोपो बसायला किती नेमक्या उंचीचा असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यावर बसून कितीतरी जणींना उठबस शिकवली.

हे कुठे लिहिलं नाही मी. चूक झाली. माझ्यानंतर आलेल्या मुलीने पुन्हा दोन वर्षं 'जमिनीवर बसू नका'च सांगितलं असणार.

आणि शंकासुरा, जुन्या माणसाचं खरं मानू नये हे बरोबर. खुब्याची ती बंधनं आता शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणे सैल करतात, सरसकट सगळ्यांना सांगत नाहीत, हे मला मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने सांगितलं. मी चाळीस वर्षं सरसकट सांगत आले.


पेडण्याची_पोर
मंगळवार, रात्री ९.५०

बाई, आदोळीचं वाचून अंगावर काटा आला. मी स्पीचची विद्यार्थिनी, राज्याबाहेर शिकते, सुट्टीत घरी आलेय.

अबोलीताईंच्या पेजेसारखंच माझं चित्रांचं. उच्चार तपासायला आम्हाला मराठी चित्रसंच दिलाय, मुंबई-पुण्याकडच्या मुलांवर बेतलेला. मूल चित्र बघून शब्द बोलतं, आपण तो वर्ण तपासायचा. सुट्टीत चुलतभावावर सराव केला, वय चार. कुत्र्याचं चित्र, सुरुवातीचा क तपासायचा. तो म्हणाला 'सुणें'. माशाचं चित्र, म साठी. 'नुस्तें'. पेल्यात पाणी, प साठी. 'उदक'. अंड्याला 'तांतीं'. पान संपलं तेव्हा माझ्या कागदावर क, म, प सगळे कोरे, आणि पोराचे उच्चार खणखणीत. घाईतला कुणी असता तर 'शब्द येत नाहीत' असं लिहून मोकळा झाला असता.

घरी पेडण्याची कोकणी, शाळा मराठी, यूट्यूब हिंदी आणि इंग्रजी, अशी इथली मुलं. 'सुणें'मधून मला ण मिळतो की. फक्त संच तसा बांधायला हवा. शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो, मी हाच घेऊ का? कुणी मदत करेल?


फुकटफौजदार
मंगळवार, रात्री १०.१०

म्हणजे गोव्यात मराठी चालत नाही हे शेवटी मराठी धाग्यावरच सिद्ध झालं म्हणायचं :)


बांदेकार_आब
मंगळवार, रात्री १०.१४

चालत नाही कोण म्हणतो? आमच्या सत्तरीत येऊन बघा, भजनं कुठल्या भाषेत होतात ते


संपादक
मंगळवार, रात्री १०.२०

भाषावादासाठी सात जुने धागे उघडे आहेत, तिकडे जा. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.


केईएम_७९
बुधवार, सकाळी ६.४५

पेडण्याच्या पोरी, घेच तो विषय. अंत्रुजातले (फोंड्याकडचे) आणि सासष्टीतले (मडगावकडचे) शब्दही वेगळे धर. सासष्टीत खिडकीला 'जनेल' म्हणणारं पोर भेटेल तुला. चित्रं माझी भाची काढून देईल, तिला सांगते.

आणि बाकीच्यांनो, लिहिताय कसले नुसते. फोंडा सगळ्यांना मध्ये पडतं. कदंब स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं घर आहे. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. मी आदोळी काढून ठेवते.


म्हापशेकार_फिजिओ
बुधवार, सकाळी ८.३०

मी येतो. पेपर मी आणतो, छापून, सहा प्रती. पॉइंट मिळणार नाहीत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक सहीचा कागद शोधतील.


डिचोलीची_आई
बुधवार, सकाळी ९.००

पालकांना येता येईल?


केईएम_७९
बुधवार, सकाळी ९.०५

तू आलीच पाहिजेस. आणि घुमटवाल्याला आण.


अबोली_फोंडा (धागाकर्ती)
पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१५

धागा वर काढते. काल नव्हे, आज सकाळीच बसलो होतो. नऊ जण. त्यात तीन फिजिओ, दोन ओटी, मी, पेडण्याची पोर, डिचोलीची ताई आणि तिचा लेक. त्याने घुमट वाजवलं, मग बाईंच्या मांजराच्या मागे लागला, उजव्या हाताने शेपटी धरली. म्हापशेकारांनी ते बरोबर टिपलं.

पेजेचं सांगते. जाडपणा मोजायची आयडीडीएसआय म्हणून पद्धत आहे, ० ते ७ पायऱ्या, पेयं ० ते ४. यंत्र लागत नाही, १० मिलीची साधी सिरिंज लागते. फक्त तिचा ० ते १० चा पट्टा ६१.५ मिलिमीटर लांब असला पाहिजे, सगळ्या कंपन्यांच्या सारख्या नसतात. दट्ट्या काढायचा, तळ बोटाने बंद करायचा, दहापर्यंत भरायचं, बोट सोडायचं, दहा सेकंद मोजायचे, पुन्हा बंद. आत १ मिलीहून कमी उरलं तर पायरी ०, म्हणजे पाण्यासारखं. १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, आठाच्या वर ३. काहीच गळलं नाही तर ४, मग चमचा आणि काट्याने तपासायचं.

बाईंनी उकड्या तांदळाची पेज केली होती. गरम निवळ सिरिंजमधून सरळ वाहून गेली: पायरी ०. म्हणजे आजोबांना ठसका लागत होता त्याच पाण्याएवढी पातळ, आणि आम्ही सगळे तिला 'हलकं' म्हणत होतो. मग शितांसकट मिक्सरला लावून गाळून घेतली. कोमट असताना ५ मिली उरलं: पायरी २. तीच अर्ध्या तासाने गार झाल्यावर थेंबही पडेना. एकाच वाडग्यातली पेज, सुरुवातीला एक आणि संपताना दुसरीच. एकदा शिताचा कण तोंडाशी अडकला आणि आकडा खोटा आला, म्हणून गाळणं महत्त्वाचं.

मग पेडण्याच्या पोरीने विचारलं, उष्टा चमचा पुन्हा वाडग्यात घातला तर? लाळेतलं अमायलेज स्टार्च फोडतं, हे सगळ्यांना बारावीपासून पाठ. पेज म्हणजे स्टार्चच. एका वाडग्यात उष्टा चमचा ढवळून ठेवला. दहा मिनिटांनी ती डोळ्यांना दिसण्याइतकी पातळ झाली होती. मी इतकी वर्षं घरच्यांना सांगत आले की सावकाश भरवा, अर्धा तास लागला तरी चालेल. त्या अर्ध्या तासात वाडग्यात काय होतं, ते बघितलंच नव्हतं. आता वाटी छोटी, दोनदा वाढायची, चमचे दोन.

(हे आमच्या एका सकाळचं निरीक्षण आहे. तांदूळ, पाणी, शिजवणं बदललं की आकडे बदलतील. घरी कुणी रुग्ण असेल तर यावरून स्वतःच पायरी ठरवू नका, गिळणं तपासून घ्या.)

पायांखालची फळीही बघितली. स्विंडनकार, तुमच्या फळीचं नाव बाईंनी 'विलायती पाट' ठेवलंय.

संध्याकाळी प्रियोळला जाऊन आले. फिजिओ तिथेच होता, या वेळी मीच त्याला यायला सांगितलं होतं. त्याने आजोबांना सरळ बसवलं, पाय पाटावर. मी गाळलेली कोमट पेज दिली, छोट्या चमच्याने, हनुवटी जरा खाली ठेवून. अकरा चमचे, ठसका नाही, आवाजही ओला (घशात पाणी साचल्यासारखा) झाला नाही. सुनेने वेळ लिहून ठेवली.

बाराव्या चमच्याला आजोबांनी तोंड फिरवलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द मोजकेच उरलेत, तेही अर्धे. बराच वेळ जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "तोर... तोर खंय?"


म्हापशेकार_फिजिओ
रविवार, रात्री ९.३२

खारातल्या तोराशिवाय (कोवळ्या कैरीशिवाय) पेज! आजोबांचं चूक नाही.


पेडण्याची_पोर
रविवार, रात्री ९.४०

तोराचा गर वाटून, गाळून, पेजेत कालवला तर पायरी बदलेल का? आंबट घातल्यावर दाट होते की पातळ?


अबोली_फोंडा (धागाकर्ती)
रविवार, रात्री ९.४४

माहीत नाही. खारटपणा किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारते, बीपी आहे. पुढच्या रविवारी तोरं कोण आणतंय?


केईएम_७९
रविवार, रात्री ९.५०

बरणी भरलेली आहे. सिरिंजा आणा, मागच्या सिरिंजा बाईंच्या मांजराने पळवल्या. म्हणजे माझ्याच.